बिनधुराचं इंजिन

माझा थोरला भाऊ इंजिनाच्या खोलीत वारला. आमच्या गल्लीतली माणसं अजून म्हणतात, पिऊन मेला. तो प्यायला नव्हता. एवढं एक वाक्य गल्लीच्या मधोमध उभं राहून, वेळेवर, मोठ्यानं बोलायचं माझ्याच्यानं झालं नाही. आता म्हातारपणी कागद काळे करत बसलोय. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, ते माझ्यासारख्यासाठीच.

आम्ही सोलापुरातले, बाळीवेशीजवळचे. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. थोरल्याला मी अण्णा म्हणायचो, तो मला तम्मा. आईला दोघंही अव्वा. वहिनी मैंदर्गीच्या, लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठी मोजून दहा शब्द येत होते, आणि त्यातले पाच अण्णानं चुकीचे शिकवले होते. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि मठात जाणं चुकवायचं नाही, असलं घर. दारूचं नाव काढायचं झालं तरी अव्वा 'ते पाणी' म्हणायची.

अण्णाची पिठाची गिरणी होती. पुढच्या खोलीत जातं, मागच्या खोलीत इंजिन आणि मधल्या भिंतीच्या फटीतून पट्टा. इंजिन रॉकेलवर चालायचं. मी कापडाच्या मिलमध्ये फिटर होतो, त्यामुळं इंजिनाचं दुखलंखुपलं माझ्याकडं. अण्णा साधा माणूस. सोमवारी बैल औताला धरायचा नाही हा आमच्यातला रिवाज, तो त्यानं इंजिनालाही लावला होता. सोमवारी गिरणी बंद. इंजिन पुसायचं, त्याला विभूतीची तीन बोटं ओढायची आणि विश्रांती द्यायची. मी हसायचो. तो म्हणायचा, "राबतंय न्हवं? मग बैलच की."

रॉकेलच्या इंजिनाची खोड एकच, धूर. त्याची नळी गल्लीत निघायची आणि समोरच्यांची दांडीवरची लुगडी ठिपक्याठिपक्यांनी काळी व्हायची. रोजची भांडणं. शेवटी गल्लीतल्या चार जाणत्यांनी येऊन सांगितलं, संक्रांतीपर्यंत धुराचं काहीतरी करा, नाहीतर गिरणी दुसरीकडं न्या. दुसरीकडं न्यायची म्हणजे कुठं? गिऱ्हाईक गल्लीतलं, दोन-दोन पिढ्यांचं. मंगळवेढ्याची ज्वारी आली की पहिलं दळण अण्णाकडं, ही बायकांची रीत. अण्णा त्या दिवशी जेवला नाही. गिरणी गेली तर मी कोण, असं काहीतरी तो वहिनींना म्हणाल्याचं मला आठवतं.

तेव्हा मी शहाणपणा केला. माझा स्वभाव तापट, त्यात हातात अर्धीमुर्धी विद्या. ही दोन्ही एका माणसात देवानं घालू नयेत.

जिल्ह्यात साखरेचे कारखाने नुकते उभे राहत होते. मळीचं काय करायचं हे कुणाला कळत नव्हतं, आणि मळीपासून स्पिरिट काढून त्यावर इंजिनं चालवायची असं बोललं जात होतं. सात रस्त्याजवळ इंजिनं विकणारे एक गृहस्थ होते, त्यांचं माझ्याशी बरं होतं. त्यांच्याकडं परवान्यावर आलेली स्पिरिटची पिंपं होती. पिऊ नये म्हणून त्यात घाण वासाचं औषध मिसळलेलं. ते म्हणाले, "न्या दोन पिंपं. चालवून बघा आणि कसं चालतं ते मला येऊन सांगा."

घरी सांगितलं तर अव्वा उठून उभी राहिली. "बैलाला पाजतोस व्हय रे ते पाणी?" अण्णाही कचरला. पण मी त्याला म्हणालो, "धूर जाईल. काळं जाईल. गिरणी राहील. तुला काय पाहिजे ते सांग." त्याला गिरणी राहायला पाहिजे होती.

पहिल्या दिवशी इंजिन नुसतं खोकलं. तेवढ्याच हवेला स्पिरिट रॉकेलपेक्षा जास्त लागतं, हे मला ऐकून ठाऊक होतं. जेटचं बारीक भोक असतं, ज्यातनं तेल येतं, ते मी कानशीनं थोडं वाढवलं. खोकला कमी झाला. आणखी थोडं वाढवलं. इंजिन चालू लागलं आणि काय चाललं म्हणता. रॉकेलवर ओझं पडलं की ते आतून ठोके द्यायचं, ते ठोके गेले. गरमही कमी व्हायचं. जात्यात कितीही लोटा, पट्टा ढिला पडत नव्हता. मी म्हटलं, हातासरशी आणखी थोडं वाढवू.

कुठं थांबायचं हे कळायला मिलमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला एक रीत शिकवली होती. धुराच्या नळीपुढं धुतलेलं पांढरं कापड धरायचं आणि धुराचे वीस फुत्कार मोजायचे. कापडावर काळं कडं उमटलं तर तेल जास्त जातंय. फिक्कं उमटलं तर ठीक. स्पिरिटवर मी कापड धरलं, वीस मोजले, चाळीस मोजले, शंभर मोजले. कापडाला डाग नाही. मी ते तसंच गल्लीत नेऊन समोरच्या बायकांना दाखवलं, उलटं करून दाखवलं, सुलटं करून दाखवलं. "घ्या, नेसा," म्हणालो. अण्णा दारात उभा राहून हसत होता. त्याला इतकं मोकळं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

अण्णा दळणाचा हिशेब पायल्यांवर ठेवायचा. रॉकेलच्या एका बाटलीत किती पायल्या निघतात ते त्याला तोंडपाठ. आठवड्यानं तो मला म्हणाला, "तम्मा, हे पितंय लई. राकेलच्या अडीचपट जातंय." मी म्हणालो, "बैल तगडा झाला की वैरण जास्त खाणारच की." तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. माझंही झालं, हेच वाईट. अडीचपट जातंय म्हणजे भोक फार मोठं झालंय, हे त्या बिचाऱ्यानं त्याच्या भाषेत मला सांगितलं होतं. मी फिटर असून मला ते ऐकू आलं नाही.

काळं गेलं, पण वास आला. नळीतून एक आंबूस, डोळ्यांना चुरचुरणारा वास यायचा आणि गल्लीभर पसरायचा. तीच लुगडीवाली माणसं आता म्हणायला लागली, अण्णांनी भट्टी लावली. दोन घरांनी दळण बंद केलं. दारूच्या इंजिनाचं पीठ देवाच्या नैवेद्याला कसं चालेल, असा प्रश्न. मठाकडं जाणारी माणसं आमच्या दारावरून जाताना पदर, उपरणं नाकाला लावू लागली. धुराचं भांडण अण्णानं सोसलं होतं; हे त्याला सोसेना. धुरानं लुगडं काळं होतं, ह्यानं तोंड काळं होत होतं.

एका रविवारी संध्याकाळी तो मला म्हणाला, "तम्मा, धूर स्वच्छ हाय न्हवं?"

"कापड बघितलंस की तू."

"मग त्यो भाईर कशाला सोडायचा? आतच सोडू. पाण्याच्या हौदात सोडू. वास पाण्यात राहील, गल्लीत जायचा न्हाय."

मला ती युक्ती इतकी आवडली की ती माझी नव्हे ह्याचा राग आला. मी म्हणालो, उद्याच करतो. तो म्हणाला, उद्या सोमवार आहे, इंजिनाला हात लावायचा नाही. मी म्हणालो, मला सुट्टी उद्याच आहे. त्यानं मान हलवली आणि लिंग हातात धरून काहीतरी पुटपुटला. सोमवारी मी नळी वाकवून खोलीतल्या, इंजिन गार ठेवायच्या हौदात सोडली. गल्लीकडची खिडकी पोतं ओलं करून बंद केली. दाराला आतून कांबळं लावलं. गल्लीत वास यायचा बंद झाला. दळण बंद केलेली दोन्ही घरं परत आली.

रॉकेलचा धूर असा आत सोडला असता तर माणूस दोन मिनिटांत खोकत बाहेर पळाला असता. हा धूर दिसत नव्हता, ठसका लावत नव्हता. हौदातून नुसते बुडबुडे यायचे.

पुढं थंडी पडली. स्पिरिटला थंडी सोसत नाही, इंजिन सकाळी उठायलाच मागत नाही. अण्णा कढत पाण्याची किटली घेऊन त्याच्याजवळ बसायचा, त्यात भिजवलेलं फडकं इंजिनाच्या हवा ओढायच्या नाकाशी ठेवायचा. दार उघडं ठेवलं की गार वारा येतो म्हणून बंद ठेवायचा. बंद खोलीत बसून बसून त्याचं डोकं दुखू लागलं. वहिनी सुंठ उगाळून लावायच्या. संध्याकाळी चालताना तो भिंतीचा आधार घ्यायचा. बोलता बोलता शब्द विसरायचा.

एके दिवशी गिरणीत सात-आठ बायका दळणाला बसल्या होत्या. वहिनीही होत्या. अण्णा इंजिनाच्या खोलीतून बाहेर आला तो झोकांडी खाऊन ज्वारीच्या पोत्यावर बसला. मी तिथं होतो. मी म्हणालो, "काय अण्णा, वासानंच चढली का काय?"

बायका हसल्या. अण्णाही हसला, कपाळ दाबत. वहिनी हसल्या की नाही ते मी बघितलं नाही. माझी जीभ अशीच. घरातलं कुणी पडलं, धडपडलं की मला आधी टोमणा सुचतो आणि मग हात पुढं होतो. त्या दिवशी तर हातही पुढं झाला नाही. मिलचा भोंगा झाला आणि मी पाळीवर गेलो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, भोगीच्या आदल्या दिवशी, बाजरीचं दळण घेऊन गल्ली लोटली होती. इंजिन अडखळत होतं म्हणून अण्णा आत जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं जातं मंदावलं. मग थांबलं. बायकांनी हाका मारल्या. आतून ओ आली नाही. तेव्हा त्यांच्यातलीच एक म्हणाली, झोपले असतील, वासानं चढली असेल. आणि त्या परत हसल्या आणि बसून राहिल्या. दुष्टपणा नव्हता त्यात. माझंच वाक्य होतं ते, मी सोडून गेलेलं. वहिनी त्याची भाकरी घेऊन आल्या, तोपर्यंत कुणी दार उघडलं नाही.

मला मिलमधून बोलावून आणलं. तोवर अण्णाला पुढच्या खोलीत आणून निजवलं होतं. त्याचे गाल लाल होते. जन्मात कधी नव्हते इतके लाल, लग्नात हळद उतरल्यावरसुद्धा नव्हते. अंगाला स्पिरिटचा वास. किटली लवंडताना शेजारचा स्पिरिटचा डबाही लवंडला होता, धोतर भिजलं होतं. तोल जात होता हे सगळ्यांनी पाहिलेलं, तोंड लाल, कपड्यांना वास. आणखी काय पाहिजे लोकांना? इंजिनाच्या खोलीत खिळ्याला ते कापड लटकत होतं, पांढरंशुभ्र. मी बघून आलो.

आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात. विभूती लावून, फुलं घालून, आणि मठातले अय्या, आमचे गुरू, डोक्यावर पाय ठेवतात, मग पुढचं सगळं. अय्या आले ते उंबऱ्याशी थांबले. त्यांच्या कानावर रस्त्यातच आलं होतं. त्यांनी आरोप म्हणून नाही, हळूच विचारलं, "काही घेत होता का?"

माझ्याकडं बघून विचारलं. घरात आता कर्ता मीच. मला एवढंच म्हणायचं होतं की नाही, अय्या, तो थट्टेचा शब्द माझा, स्पिरिट आणलं मी, नळी आत सोडली मी. ते न म्हणता मी अण्णाच्या गळ्यातली फुलं सारखी केली. मी धुराबद्दल बोललो तर लोक विचारतील, नळी आत कुणी सोडली. हे त्या क्षणीसुद्धा मला सुचलं. भाऊ पुढ्यात बसवलेला, आणि मी स्वतःला वाचवायचा विचार केला. भित्रेपणाला वेळकाळ नसतो.

अव्वा उठली. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन ती अय्यांच्या समोर उभी राहिली आणि कानडीत म्हणाली, माझ्या लेकानं ते पाणी कधी शिवलं नाही, शिवलं असेल तर हे माझ्या हातावर राहणार नाही. अय्या आत आले. पण जमलेली माणसं खाली बघत होती, आणि त्यांनी अव्वाच्या शपथेवर विश्वास ठेवला नाही. आई शपथ घेणारच, असा त्यांचा चेहरा होता.

आठ दिवसांनी उरलेलं पिंप घेऊन मी सात रस्त्याला गेलो. त्या गृहस्थांनी सगळं विचारलं. भोक किती वाढवलं, नळी कुठं काढली होती. नळी आत होती हे ऐकल्यावर ते खुर्चीत मागं टेकले. मग म्हणाले, "अहो, रॉकेल जास्त झालं की काळा धूर ओरडून सांगतो. स्पिरिट जास्त झालं तर काही सांगत नाही. कापड पांढरंच राहतं. अर्धवट जळलेल्याचा वायू मात्र निघतोच. त्याला रंग नाही. माणसाचं डोकं धरतं, पाय लटपटतात, झिंगल्यागत दिसतो. गेल्यावर गाल लाल राहतात."

मी तिथून चालत घरी आलो. अव्वा आणि वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. सांगायचं ठरवूनच आलो होतो. वहिनींनी विचारलं, "इतका उशीर?" मी म्हणालो, "पिंप जड होतं."

गिरणी विकली. वहिनी मैंदर्गीला भावाकडं गेल्या. अव्वा दोन वर्षांनी गेली. शेवटपर्यंत ती गल्लीतल्या कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेली नाही, मठातही मागच्या दारानं जायची. मी सांगितलं असतं तर ती पुढच्या दारानं गेली असती. साधी गोष्ट होती.

पाचव्या वर्षी मी मैंदर्गीला गेलो. बाजारचा दिवस होता, वहिनींचा भाऊ बाजारात, घरी त्या एकट्याच. भाकऱ्या थापत होत्या. मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. भोक, अडीचपट, कापड, हौद, सात रस्त्याचे गृहस्थ, गालांची लाली. फिटरसारखं सांगितलं, एकेक सुटा भाग मांडून. अण्णा प्यायला नव्हता, हे शेवटी सांगितलं. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला हाकलतील. दोन्हीची तयारी होती.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "ते पेले नव्हते, मला ठाव होतं."

"कसं?"

"मी दार उघडून आत गेले तवा बाया पुढल्या खोलीत होत्या, आत दुसरं कोणी नव्हतं. मी डोकं मांडीवर घेतलं आणि तोंड हुंगलं त्यांचं. काही वास नव्हता. सकाळी तोंडात टाकलेल्या बडीशेपेचा होता, तेवढाच."

त्यांनी दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

"तुमी म्हणालावता न्हवं, सगळ्यांम्होरं, चढली का म्हणून. मला तेच आलं मनात. बाई, माझा माणूस गेला होता मांडीवर, आणि मी पहिलं काय केलं, तर तोंड हुंगलं." त्यांचा आवाज चढला नाही. "हाक मारायची होती. वाऱ्याला न्यायचं होतं. कोण जाणे, धुगधुगी असंल. मी हुंगत बसले."

नळी, भोक, वायू, ह्यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मी पाच वर्षं जे उराशी धरून बसलो होतो, त्याचं त्यांना काहीच नव्हतं. माझं चुकलं, असं मी म्हणालो असेन. त्यांनी ताट वाढलं, भाकरीवर तेल-चटणी घातली आणि माझ्यापुढं सरकवलं. मी जेवलो. जेवताना त्या माझ्याकडं पाठ करून उरलेल्या भाकऱ्या थापत होत्या, आणि मला ऐकू आलं, त्या भाकरीशी बोलावं तशा हळूच म्हणाल्या, "बडीशेपच होती."